सराफाच्या बायकोचं बोट

उदगीरच्या सराफ्यात गुरुलिंगप्पाचं दुकान होतं आणि त्या दुकानाला दोन शोकेस होती. एक काचेचं, रस्त्याच्या बाजूला, ज्याच्यावर बारा महिने धूळ बसायची. दुसरं हाडामांसाचं, ज्याच्यावर धूळ बसू दिली जात नसे. या दुसऱ्या शोकेसचं नाव गौरम्मा. ती गुरुलिंगप्पाची बायको होती. पण धंद्याच्या दृष्टीने हा तपशील दुय्यम होता.

लग्न, बारसं, वास्तुशांत, कुठलंही बोलावणं आलं की गुरुलिंगप्पा स्वतः कपाट उघडून बायकोला सजवायला बसे. तो इतक्या मायेने तिच्या गळ्यात माळा अडकवायचा, की शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारत. मांडवात गौरम्मा टेकते न टेकते तोच चार बायका तिच्या गळ्याशी बोटं घेऊन हजर. "कुठं केली वो ही?" "आमच्याच दुकानातली." "असलीच आणखी हाय का?" मग गुरुलिंगप्पा कुठूनतरी उगवायचा आणि म्हणायचा, "आणखी कशाला, हीच घ्या की. वापरलेली न्हाई, नुसती घातलेली हाय."

गौरम्मा भरल्या गळ्याने जायची आणि मोकळ्या गळ्याने यायची. तिच्या थोरल्या लेकीच्या बारशाला तर बोरमाळ मांडवातच खपली. पोर मांडीवर होती आणि तिने ती माळ घट्ट मुठीत धरली होती. गुरुलिंगप्पाने पोरीचं एकेक चिमुकलं बोट सोडवलं, माळ गिऱ्हाईकाच्या हातात ठेवली आणि पोरीचा पायगुण चांगला आहे असं सगळ्यांना सांगितलं.

स्वतःच्या म्हणाव्यात अशा गौरम्माच्या गळ्यात दोनच गोष्टी होत्या, मंगळसूत्र आणि चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. त्या विकायला काढायची गुरुलिंगप्पाची छाती झाली नाही. मंगळसूत्राच्या वाट्या मात्र त्याने दोनदा बदलून नेल्या, नवा नमुना आलाय म्हणून. यातून गौरम्मा एक शहाणपण शिकली. अंगावर आलेल्या कुठल्याच जिनसेवर जीव लावायचा नाही. पस्तीस वर्षं तिने हे पथ्य पाळलं.

मग २०१६चा उन्हाळा आला. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं. गाडी आली की पुढारी इंजिनाला हार घालत आणि फोटो काढत. तहानलेली माणसं हे फोटो बघून तृप्त होत असावीत असा त्यांचा समज होता. उदगीरच्या नशिबी पाण्याची रेल्वेही नव्हती, टँकर होता. तो आला की गल्लीतली सोयरीक, भाऊबंदकी, शेजारधर्म सगळं घागरींच्या रांगेत संपायचं. बाकी वापरायला बोअरचं पाणी. ते इतक्या खोलातून येत होतं की त्याला पाणी म्हणणं हा केवळ सभ्यपणा होता. त्याने भांडं धुतलं की वाळल्यावर त्यावर पांढरा थर चढायचा, केस धुतले की माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसायचा.

त्याच वर्षी सराफांचा लांबलचक संप झाला. गुरुलिंगप्पाला रिकामपण सोसेना, म्हणून तो जिल्हा कृती समितीत शिरला. उदगीरला प्यायला पाणी नव्हतं, पण जिल्हा पाहिजे होता. लातूर उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झालं, मग उदगीरने लातुरातून फुटायला कुणाची ना होती? समितीची माणसं तहसीलसमोर मांडव घालून बसत, पाण्याचे पाऊच फोडून पीत आणि घसा ओला झाला की घोषणा देत. आपण जिल्हा झालो की पाऊसही वेगळा पडेल, असं काहींना मनापासून वाटत होतं.

गुरुलिंगप्पाला मात्र पावसाची फिकीर नव्हती. त्याची नजर पुढे होती. "जिल्हा झाला की कलेक्टर येणार," तो घरी जेवताना म्हणाला. "एसपी येणार, शीईओ येणार. त्येंच्या बायका येणार. त्या काय बोरमाळा घालून फिरणार हायत का?"

"मग काय घालतेत?" गौरम्माने विचारलं.

"एमराल्ड कट," गुरुलिंगप्पा म्हणाला. हा शब्द त्याने हैदराबादेत एका लग्नात ऐकला होता आणि तेव्हापासून तो तोंडात खेळवत होता.

जिल्ह्याचा अजून पत्ता नव्हता, पण कलेक्टरीणबाईंसाठी हिरा मागवला गेला. सुरतेच्या एका दलालाने तो जांगडावर पाठवला. जांगड म्हणजे माल ठेवून घ्यायचा, विकला तर पैसे, नाही विकला तर माल परत. गुरुलिंगप्पाच्या स्वभावाला याहून शोभणारी रीत माणसाने शोधलेली नाही. हिरा लांबट चौकोनी, चारी कोपरे छाटलेले, पांढराशुभ्र.

"नाव पाचूचं आन् खडा पांढरा?" गौरम्मा म्हणाली.

"पाचूला असा घाट देतेत म्हणून त्या घाटाचं नाव हाय ते. तुला काय कळतंय." दलालाने फोनवर जे शिकवलं होतं, ते गुरुलिंगप्पा आता प्रवचनासारखं सांगू लागला. "गोल हिरा लई लबाड असतो. बारीक बारीक पैलू, नुसता लखलख करतो, त्या लखलखीत समदी ऐब झाकून जाती. ह्याचं तसं न्हाई. ह्याचा वरचा पैलू बघ, कसा मोकळा, सपाट. पॉलिश करताना चाकाची बारीकशी रेघ जरी राहिली, तर भिंगाखाली तिरपा धरला की लगेच दिसती. म्हणून ह्यात पॉलिशचा दर्जा आधी बघायचा. पाच दर्जे असतेत. एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर आन् पुअर."

मराठवाड्याला यातला पाचवा दर्जा कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आपला कोणचा?"

"एक्सलंट! दलाल मनला, व्हेरी गुड घ्या, नुसत्या डोळ्याला फरक कळत न्हाई. मी मनलो, नव्या जिल्ह्याचा पहिला हिरा हाय, एक्सलंटच पाठव."

"डोळ्याला कळतच न्हाई तर मग कशाला पायजे?"

गुरुलिंगप्पाने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि अंगठी घडवायला दिली. माप अर्थातच गौरम्माच्या बोटाचं. शोकेसमध्ये बसणार नाही असा माल कोण करतो?

अंगठी बोटात आली त्या दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. गौरम्मा मागच्या खोलीच्या दारात बसली होती. सहज हात उजेडात धरला आणि ती त्या खड्यात बघतच राहिली. तो इतर खड्यांसारखा डोळे मिचकावत नव्हता. आत सरळ, शांत पायऱ्या होत्या, एकीखाली एक, माहेरच्या बारवेत उतरत जातात तशा, आणि तळापर्यंत नितळ. गावात पाणी दिसत नव्हतं अशा उन्हाळ्यात तिच्या बोटावर ही भरलेली बारव होती. तिने हात हलवला, पायऱ्या हलल्या. ती हसली, आणि पस्तीस वर्षांचं पथ्य मोडलं. तिला ती अंगठी हवीशी झाली. नुसती घालायला नव्हे, ठेवायला.

आता हवीशी झाली तर नवऱ्याकडे मागावी. पण शोकेसने माल मागितल्याचं कुणी ऐकलंय? गौरम्मा पहिल्या गिऱ्हाइकाची धास्ती घेऊन बसली.

ते अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी आलं. डाळमिलच्या मालकीणबाई. गौरम्मा तेव्हा मोरीत भांडी घासत होती. "गौरम्मा, हात दाखव गं बाईंना!" अशी दुकानातून हाक आली. तिने पदराला हात पुसले आणि बोट पुढे केलं. मालकीणबाई वाकल्या, चष्मा वर केला, खाली केला.

"ह्येला काय झालंय वो? मोतीबिंदू आल्यावानी दिसायलंय."

खरंच होतं. बोअरचं पाणी खड्यावर वाळलं होतं आणि पांढुरकी साय धरली होती. वर भांड्यांचे तेलकट हात लागलेले. लखलखणाऱ्या गोल खड्यात हे खपून गेलं असतं. या सपाट, मोकळ्या खड्यात लपायला जागा नव्हती. मालकीणबाईंनी दोन पाटल्या घेतल्या आणि गेल्या. गुरुलिंगप्पा पॉलिश, पॉलिश म्हणत राहिला. गौरम्मा आत गेली, दाराआड उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने बोअरवेलला मनातल्या मनात हात जोडले.

त्यानंतर गौरम्माच्या हातून जरा जास्तच कामं होऊ लागली. दुकानात गिऱ्हाईक बसल्याची चाहूल लागली की तिला नेमकी वेणी घालायची आठवण यायची, तेलात बोटं बुडवून. किंवा भाकरी थापायची असायची. किंवा काहीच नसलं तर बोअरच्या पाण्याने हात धुऊन ती तो न पुसता उन्हात धरायची. डॉक्टरीणबाई आल्या, बघून गेल्या. मग टँकरचा ठेकेदार आला. दुष्काळाने ज्यांचं भलं केलं, त्यांच्यात हा पहिल्या नंबरात होता, आणि बायकोला हिरा घ्यायला आला होता. त्याने अंगठी पाहिली आणि म्हणाला, "आप्पा, ह्याच्यापरीस आमच्या टँकरची काच साफ हाय." गुरुलिंगप्पाचं तोंड एवढंसं झालं.

आता तो भिंग घेऊन बसला. भिंगाखाली खडा धुकटलेला. त्याने रिठ्याच्या पाण्यात धुतला. रिठा चांगला होता, पाणी बोअरचं होतं. खडा वाळला आणि होता त्याहून मळका झाला. त्याने पुन्हा धुतला. धुतला की जास्त मळतो असा हिरा गुरुलिंगप्पाने जन्मात पाहिला नव्हता. तसा त्याने हिराच फारसा पाहिला नव्हता. चमकीत बसवायचे बारीक कण सोडले तर त्याचं आयुष्य सोन्यात गेलं होतं, आणि सोनं कशानेही धुतलं तरी तक्रार करत नाही. प्यायच्या पाण्याने दगड धुवावा हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही. त्यात त्याचा दोष नव्हता. त्या उन्हाळ्यात असं करणाऱ्याला गल्लीने वाळीत टाकलं असतं.

त्याने सुरतेला फोन लावला. "पॉलिश उतरलं तुमचं!"

पलीकडून दलाल हसला असावा. हिऱ्याचं पॉलिश उतरत नसतं, धुऊन बघा, म्हणाला.

"धुतला की! चारदा धुतला! एक्सलंटचा फेअर झाला. आमच्याकडचं ऊन तुमी बघितलं न्हाई, आमच्याकडं दगड बी उलतो!"

समितीच्या मांडवात त्याने हा विषय काढला. तिथल्या जाणत्यांनी ठरवलं की सुरतेवाल्यांनी मराठवाड्याला नेहमीप्रमाणे हलका माल दिला आहे. अनुशेषाच्या यादीत यालाही धरावं असंही एकाने सुचवलं.

रात्रीच्या जेवणाला गुरुलिंगप्पाने निकाल सांगितला. "दलालाचा माणूस परवा लातूरला यायलाय. खडा काढून देऊन टाकतो परत. कटकट नको."

गौरम्माचा हात ताटातच थांबला. गिऱ्हाइकापासून वाचवायला तिने खडा मळवला होता. मळवल्यामुळेच तो आता घराबाहेर निघाला होता. उजळून ठेवला तर विकला जाईल, मळका ठेवला तर सुरतेला जाईल. राहता राहिला तिसरा रस्ता, तोंडाने मागायचा. त्या रस्त्यावर तिने कधी पाऊलच टाकलं नव्हतं.

"आवं," ती म्हणाली.

"काय?"

तिने तोंड उघडलं. "आमटीत मीठ बराबर हाय का?"

"हाय," गुरुलिंगप्पा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजा झाल्यावर, गौरम्माने माठातून पेलाभर पाणी काढलं. ते तिच्या दुपारच्या वाटणीचं होतं, कुणाच्या घशातून काढलेलं नव्हतं. त्यातलं अर्धं कोमट केलं, साबणाचा थेंब टाकला आणि जुन्या मऊ ब्रशने खडा वरून, खालून, कोंदणाच्या मागून हळूहळू घासला. विकत घेणारं कुणी येणार नव्हतं, तरी घासला. या बिचाऱ्या खड्याची काहीच चूक नव्हती. तिने त्याला गावभर बदनाम केलं होतं आणि आता तो मळक्या तोंडाने परत जाणार होता. लेकीला सासरी धाडतानाही तोंड धुऊन धाडतात. उरलेल्या पाण्याने तिने तो खळबळून घेतला, जुन्या मलमलीने पुसला आणि बोटात घातला. सगळ्या पायऱ्या जागच्या जागी होत्या. गौरम्माला रडू फुटलं. मग तिने ते गिळलं, कारण डोळ्यांतलं पाणीही खारटच असतं आणि आता खड्यावर डाग नको होता.

तेवढ्यात दुकानातून पार्वतीबाईंचा आवाज आला.

पार्वतीबाई जिल्हा परिषदेच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. माहेर हिमायतनगरकडचं, वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि लेकीला शाळेत घातलं, अशी आपली दोन वाक्यांची जीवनकथा त्या कुणी न विचारताही सांगत. या महिन्यात त्या निवृत्त होत होत्या. गौरम्मा पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली, तेव्हा त्या खुर्चीवर बसून सांगत होत्या, "अंगठी बघायलीय. माझ्यासाठीच. आमचे हे, साहेबराव, घेऊन देतील म्हणून बसले असते तर अजून बसलेलीच असते. बोट माझं, पगार माझा, मग वाट कुणाची बघू?"

"खरंय, बाई," गुरुलिंगप्पा म्हणाला. गिऱ्हाईक म्हणेल ते त्याच्या लेखी खरंच असे.

पार्वतीबाईंनी पेला घ्यायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. "अगं बाई! ही बघू."

"ती नका बघू बाई," गुरुलिंगप्पा वैतागून म्हणाला. "तिचं पॉलिश पार..."

आणि तो थांबला. रस्त्यावरचं ऊन सरळ गौरम्माच्या हातावर पडलं होतं. त्याने भिंग काढलं, बायकोचं मनगट धरलं, खडा तिरपा केला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. एक रेघ नाही, एक डाग नाही. त्याचा चेहरा लोण्यासारखा पाघळला.

"एक्सलंट!" तो ओरडला. "बाई, तुमच्या नशिबाची हाय बगा! आजपस्तोर कुणाला दिली न्हाई, तुमच्यासाठीच राखून ठेवली."

खोटं बोलण्यात गुरुलिंगप्पाचं पॉलिशही काही कमी दर्जाचं नव्हतं. पण पार्वतीबाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. चाळीस वर्षं पोरींचे चेहरे वाचलेली बाई ती. त्यांनी गौरम्माकडे पाहिलं.

"गौरम्माबाई, तुम्ही घालताय ना ही? तुम्ही सांगा. घेऊ का मी?"

असं गौरम्माला कुणी विचारलं नव्हतं. गळ्याला बोटं लावली होती, माळा उचलून वजन अजमावलं होतं, फासा उघडून बघितला होता. पण घेऊ का, हे नेहमी तिच्या डोक्यावरून गुरुलिंगप्पाला विचारलं जायचं.

"काढ, काढ," गुरुलिंगप्पा म्हणाला. "बाईंच्या बोटात बघू दे."

"न्हाई," गौरम्मा म्हणाली.

"निघंना का? बोट सुजलं का? साबण लाव."

"बोट चांगलं हाय. अंगठी मला पायजे."

गुरुलिंगप्पा दुकानदाराचं हसू हसला, जे तो तोळ्याचा भाव चढला की हसायचा. "गंमत करायलीय, बाई."

"गंमत न्हाई. मला पायजे," गौरम्मा पुन्हा म्हणाली. तिने मूठ मिटून घेतली होती. "हीच पायजे. परत बी द्यायची न्हाई, इकायची बी न्हाई."

गुरुलिंगप्पाला घाम फुटला. बायकोला गप्प करावं तर गिऱ्हाइकासमोर शोभा, हो म्हणावं तर जांगडावरचा हिरा गळ्यात. त्याची ही कोंडी पार्वतीबाईंनीच फोडली.

"मग प्रश्नच मिटला," त्या उठत म्हणाल्या. "गुरुलिंगप्पा, मला अशीच दुसरी मागवा. आणि एक्सलंट-बिक्सलंट नको, व्हेरी गुड पुरे. मी काही भिंग लावून फिरत नाही." जाताना त्यांनी गौरम्माच्या मिटल्या मुठीवर हात ठेवला, दाबला आणि उन्हात चालू लागल्या.

पुढे गुरुलिंगप्पाने समितीच्या मांडवात काय सांगितलं, ते साऱ्या उदगीरला ठाऊक आहे. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून बायकोला हिरा केला, म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दलालाची बोळवण त्याने कशी केली, ते त्याचं त्याला ठाऊक. जिल्ह्याचं अजून चाललेलंच आहे. पण त्या दिवशी दुकान बंद करून तो घरात आला तेव्हा कुठलीच गोष्ट त्याच्याकडे तयार नव्हती. तो पाटावर बसला. गौरम्माने सगळं सांगितलं, तेल, पीठ, बोअर, पेलाभर पाणी. त्याने मान खाली घालून ऐकलं.

"आधीच मागायची होतीस," शेवटी तो म्हणाला. "येवढं नाटक कशाला?"

"मागितली असती तर दिली असती?"

गुरुलिंगप्पाने तोंड उघडलं. हजारो गिऱ्हाइकांना त्याने बेधडक उत्तरं दिली होती, या प्रश्नाचं तसं उत्तर त्याच्या जिभेवर आलंही असेल. पण समोर गिऱ्हाईक नव्हतं. त्याने बायकोच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"न्हाई," तो म्हणाला.

"तेच," गौरम्मा म्हणाली.

तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच दमात, खरं बोलला म्हणून, थोडी मायाही आली. एवढ्या वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदाच बायकोशी बोलावं तसं बोलला होता. ती ताटं घ्यायला उठली.